सभासदांनी एक दाबावा

ध्वनिमुद्रित आवाजाला उत्तर देणारी माणसं आमच्या पिढीत अजून शिल्लक आहेत. पलीकडून "नमस्कार" आलं की यांच्या तोंडून "नमस्कार, नमस्कार, बोला" निघून जातंच. पलीकडची बाई कर्जाचा व्याजदर सांगायला लागते, तेव्हा ही माणसं "एक मिनिट हं, टीव्ही बारीक करतो" म्हणून रिमोट शोधायला उठतात. परत येईपर्यंत बाई व्याजदर आटपून "अधिक माहितीसाठी एक दाबा"पर्यंत पोचलेली असते. "अहो, आधी काय म्हणालात?" असं विचारून होतं. बाई दाद देत नाही. फोन ठेवल्यावर घरात जी तक्रार होते ती व्याजदराची नसते. "काय उद्धट मुलगी होती!" अशी असते.

मला यात हसण्याइतकंच कौतुक करण्यासारखंही वाटतं. फोन वाजला म्हणजे दुसऱ्या टोकाला माणूस असणार, हा आमचा जन्मभराचा अनुभव. यंत्राचा मात्र आपल्यावर तेवढा भरवसा नसतो. आपण "हॅलो" म्हटल्यावर पलीकडे जी क्षणभर शांतता पसरते, तिच्यात पुष्कळदा ते आपली परीक्षा घेत असतं: हा आवाज माणसाचा, की निरोप नोंदवून घेणाऱ्या दुसऱ्या एखाद्या यंत्राचा? खात्री पटली की मग बोलायला सुरुवात. आपण त्याला न तपासता नमस्कार करतो, ते आपल्याला तपासून करतं.

परक्यांच्या अशा फोनांवर सरकारने उपाय केलेले आहेत. "नको" म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही 2007 पासून आहे. आता 1909 वर कळवून तीत नाव घालता येतं. बँका नकोत पण सहली चालतील, अशी आवडनिवडही सांगता येते. जाहिरातवाल्यांसाठी 140 ने सुरू होणारे नंबर राखून ठेवले आहेत, म्हणजे नंबर बघूनच कपाळाला आठी घालता यावी. त्यातूनही साध्या दहा आकडी नंबरांवरून प्लॉट विकणारे येतातच. पण परक्यांचं एक बरं असतं, ते परके असतात. फोन कापताना हात कचरत नाही.

पंचाईत होते ती आपल्या माणसांची.

डोंबिवलीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे चारशेच्या आसपास सभासद आहेत. कोजागरीचं दूध, महिन्याचे वाढदिवस, वर्षाची एक सहल, मधूनमधून रक्तदाब-साखर तपासणी आणि वार्षिक सर्वसाधारण सभा असा आमचा कारभार. निरोप देण्यासाठी पूर्वी फोनची साखळी होती. विभाग पाडलेले, प्रत्येक विभागाला एक प्रमुख, प्रमुखाने आपल्या वीस-पंचवीस जणांना फोन करायचा. आमच्या विभागाच्या प्रमुख म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा फोन म्हणजे निरोप शेवटच्या अर्ध्या मिनिटात. त्याआधी गुडघा कसा आहे, सून बाळंतपणाला गेली का, मुलाचं अमेरिकेहून येणं ठरलं का, पाणी किती वाजता जातं. बाईंच्या दोन दुपारी त्यात जायच्या. पण त्या दोन दुपारींतून त्यांच्या वहीत जे यायचं ते कार्यकारिणीला दुसरीकडून मिळालं नसतं: यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, हे मुलाकडे पुण्याला गेलेत, या फोन उचलत नाहीत, कुणीतरी जाऊन बघा. सहलीचा निरोप जायचा आणि माणसाची खबर यायची.

मग बँकेतून निवृत्त झालेले एक उत्साही गृहस्थ सहचिटणीस झाले. बँकेतून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या अंगात पुढची पाच वर्षं एक कार्यक्षमता शिल्लक असते आणि ती कुठल्या तरी सार्वजनिक संस्थेला भोवतेच. त्यांनी हिशेब मांडला. विभागप्रमुखांचे एवढे तास, एवढं फोनबिल, आणि तरी दहा जण सभेत उभे राहून म्हणणार की आम्हाला कळवलंच नाही. उलट यंत्राच्या फोनचं बघा, म्हणाले. सगळे नंबर एक्सेलमध्ये टाकायचे, मजकूर टाइप करायचा, यंत्र तो वाचणार आणि चारशे जणांना चहा उकळायच्या आत निरोप पोचणार. पैसे पल्सवर, आणि तेही पैशांतच. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मुख्याध्यापिकाबाईही होत्या. त्यांचे हात त्या वर्षी फार दुखत होते.

पहिला फोन आला तो ठरलेल्या वेळी, दुपारी जेवणं आटपून नुकतीच पाठ टेकलेली असताना. मजकूर कार्यालयातल्या छापील सूचनेवरूनच घेतलेला होता, आणि यंत्राने तो प्रामाणिकपणे जसाच्या तसा वाचला. "स. न. वि. वि." असं एकेक अक्षर सुटं करून, टंकलेखनाच्या परीक्षेला बसल्यासारखं. सप्रेम नमस्काराचा त्यात मागमूस नव्हता. पुढे "दि" आला, "स्थळ" आलं, मग "सायं पाच" म्हणून यंत्र थोडं थांबलं आणि "वा!" म्हणालं. पाच वाजल्याचं इतकं कौतुक मी प्रथमच ऐकलं. शेवटी "येणाऱ्यांनी एक दाबावा, न येणाऱ्यांनी दोन दाबावा, पुन्हा ऐकायचे असल्यास नऊ दाबावा." निम्म्या लोकांना आकड्यांची पाटी कुठून काढायची ते सापडलं नाही. कानाला लावलेल्या फोनवर एक दाबायचा कसा, हा प्रश्न तसा रास्तच आहे.

इथवर सगळी गंमतच होती. खरा प्रकार पुढच्या बैठकीत झाला. सहचिटणीसांनी मोठ्या अभिमानाने अहवाल वाटला. कंपनीकडून प्रत्येक मोहिमेनंतर तसा तक्ता येतो: नाव, नंबर, उचलला की नाही, किती सेकंद ऐकला, काय दाबलं. चारशे माणसांच्या दुपारी रकान्यांत मांडलेल्या. खजिनदार तक्त्यावरून नजर फिरवता फिरवता बाईंकडे वळून सहज म्हणाले, "तुम्ही चार सेकंदांत ठेवलात?"

बाई आयुष्यभर पटावर हजेरी घेत आलेल्या. आपली हजेरी कुणी घेतोय हे त्यांना नवीन होतं. एरवी शांत बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी फोन केव्हा ठेवला हे तुम्हाला कळतं?"

"कळतं म्हणजे, येतं तसं तक्त्यात."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

यावर सगळे आपापली ओळ शोधायला लागले. माणसाचा स्वभाव असा की स्वतःची ओळ सापडल्यावर तो शेजारच्याचीही वाचतो. उपाध्यक्षांनी पूर्ण निरोप ऐकून पुन्हा नऊ दाबला होता, त्याचं कारण त्यांना जाहीरपणे द्यावं लागलं. अध्यक्षांच्या पुढे "उचलला नाही" होतं. एका आजोबांनी एक, दोन आणि नऊ असं तिन्ही दाबलं होतं, त्यांना कुठल्या यादीत बसवायचं यावर बराच काथ्याकूट झाला.

बाईंचा मुद्दा मात्र त्या तक्त्यात मावण्यासारखा नव्हता. सहचिटणीस म्हणाले, "सभासद होताना नंबर तुम्हीच दिलात ना? फॉर्मवर सही आहे." बाई म्हणाल्या, "दिला. कोजागरीचं दूध किती वाजता हे कळवायला दिला. मी किती वेळ ऐकते ते मोजायला दिला नव्हता."

त्याच सुमारास दुसरीही एक गोष्ट उघडकीला आली. सभासदांना श्रवणयंत्रं विकणाऱ्यांचे फोन येऊ लागले होते. नाव घेऊन, वय सांगून. तपासणी शिबिराचा मंडप आणि चहा एका विक्रेत्याने दिला होता, त्याने यादी मागितली आणि आमच्यातल्याच कुणीतरी ती पेनड्राइव्हवर देऊन टाकली. आपल्याच माणसांच्या भल्यासाठी दिली, असं स्पष्टीकरण आलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना श्रवणयंत्राची जाहिरात फोनवरून ऐकवायची, यातल्या विनोदाकडे विक्रेत्याचंही लक्ष गेलेलं नव्हतं.

हा "आपल्याच माणसांच्या"चा भाग मला फार मराठी वाटतो. परक्याला आपण विचारतो, आपल्याला विचारत नाही. विचारलं तर उलट त्याला वाईट वाटेल, अशी आपली समजूत. लग्नपत्रिकेच्या तळाशी तर आपण हे छापूनच टाकलेलं आहे: नजरचुकीने आमंत्रण राहून गेलं असल्यास हेच आग्रहाचं आमंत्रण समजावं. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीत पुढची पायरी असते: अमुक दिवसांत हरकत आली नाही तर कुणाचीही हरकत नाही असं समजण्यात येईल. आपल्या सार्वजनिक आयुष्यात समजून घेण्याचं प्रमाण एकूण फार आहे. विचारून घेण्याचं त्या मानाने कमी.

आणि खासगीपणाचा टेंभा तरी आपण कोणत्या तोंडाने मिरवावा? ज्यांच्या घरात कुलवृत्तांत आहे त्यांनी तो उघडून बघावा. मूळ पुरुषापासून आपल्या नातवापर्यंत सगळे तिथे जाड पुठ्ठ्यात हजर: जन्म, शिक्षण, नोकरी, बायकोचं माहेरचं नाव, राहण्याचा पत्ता. ज्ञातीच्या वधूवर मेळाव्याची पुस्तिका तर याच्या पुढे जाते. उंची, वर्ण, पगार, रास, नक्षत्र, नाडी, चष्मा आहे की नाही, बहिणीचं लग्न झालं की व्हायचंय, आणि शेवटी संपर्कासाठी वडिलांचा मोबाइल नंबर. मेळाव्याच्या दाराशी पैसे टाकून कुणीही विकत घ्यावी. त्या पुस्तिकेतल्या मुलीला आयुष्यात पुढे कुठलं संकेतस्थळ जन्मतारीख विचारतं तेव्हा ती विचारात पडते. तिची जन्मवेळ मिनिटासकट तीन जिल्ह्यांत पोचलेली असते.

चाळीत आणि वाड्यात वाढलेल्या आम्हा लोकांना खासगीपण म्हणजे बंद दार असं कधी वाटलंच नाही. दारं उघडीच असायची. शेजारच्या घरात मोठ्याने भांडण चाललं की आपण रेडिओ थोडा मोठा करायचा, आणि दुसऱ्या दिवशी नळावर काहीच ऐकलं नसल्यासारखं बोलायचं. ऐकू सगळ्यांना यायचं. ऐकलेलं कुठे वापरायचं नाही याची शिस्त होती. ती सगळ्यांनी पाळली असं मी म्हणणार नाही, पण जो पाळत नसे त्याला चाळ ओळखून असे.

मला राहून राहून आठवतो तो पी. पी. नंबर. घरी फोन लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्या काळात मजल्यावर एखाद्याच घरी फोन. त्यांचा नंबर बाकीच्यांनी नोकरीच्या अर्जावर, मुलीच्या स्थळाच्या कागदावर, व्हिजिटिंग कार्डावर पुढे "पी. पी." लिहून द्यायचा. पण देण्याआधी जाऊन विचारायचं. "वहिनी, तुमचा नंबर ऑफिसात देऊन ठेवू का? फक्त अडीअडचणीला." वहिनी "अहो, विचारता काय, द्या की" म्हणायच्या. त्यांनी नाही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. तरी विचारल्याशिवाय कुणी देत नसे. फोन यायचा तेव्हा त्यांचा मुलगा जिन्यातून ओरडत यायचा, आपण हात पुसत धावायचं, त्यांच्या बाहेरच्या खोलीत उभं राहून, त्यांची जेवणं चाललेली असताना, शक्य तेवढं थोडक्यात बोलायचं. बोलणं सगळं घर ऐकायचं. खासगी त्यात काही नव्हतं. दिवाळीला त्या घरी फराळाचं ताट जरा भरगच्च जायचं.

म्हणजे गंमत बघा. फोन दुसऱ्याचा होता, बोलणं चव्हाट्यावर होतं, आणि परवानगी मात्र दर वेळी घेतली जात होती. आज फोन ज्याच्या त्याच्या खिशात आहे आणि नंबर द्यायला कुणी कुणाला विचारत नाही. "त्यांचा नंबर पाठवतो तुम्हाला" म्हणेपर्यंत पाठवून झालेलं असतं. कॉल ओळखून नाव दाखवणाऱ्या ॲपवर तुमचं नाव काय दिसतं, हेसुद्धा बऱ्याचदा दुसऱ्याने तुम्हाला कोणत्या नावाने साठवलंय त्यावर ठरतं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक परक्यांच्या पडद्यावर "दळवी बिल्डिंग गच्ची चावी" म्हणून उमटतात. त्यांनी एकदा कुणालातरी गच्चीची चावी दिली होती.

फरक काय पडला असेल? मला वाटतं, विचारणाऱ्याला पूर्वी त्रास होता. वहिनींच्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं, चेहरा दाखवावा लागायचा. बाईंना वीस फोन करायचे तर दोन दुपारी मोडाव्या लागायच्या, म्हणून त्या कामाशिवाय करत नसत आणि वामकुक्षीच्या वेळी करत नसत. उचललाच कुणी झोपेत, तर "झोपमोड केली का हो?" हे त्यांच्या तोंडून आधी निघायचं. फोन करणाऱ्याच्या मनातला तो संकोच म्हणजेच उचलणाऱ्याचं खासगीपण होतं, वेगळं काही नव्हतं. यंत्राला चारशे फोन करायला काहीच लागत नाही. ज्याला करायला काही लागत नाही त्याला करू का नको, हा प्रश्नही पडत नाही.

त्या बैठकीत आवाजाचाही विषय निघाला. बायकी यांत्रिक आवाज परका वाटतो, त्यापेक्षा अध्यक्षांच्या आवाजात निरोप गेला तर, असं कुणीतरी सुचवलं. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत अटलबिहारी वाजपेयींचा ध्वनिमुद्रित आवाज घरोघरच्या फोनवर आला होता, ते अनेकांना आठवत होतं. आमच्या एका सभासद काकू त्या वेळी उभ्या राहून बोलल्या होत्या. पंतप्रधानांचा फोन बसून कसा घ्यायचा? "जी, जी" म्हणत शेवटी मिस्टरांची पेन्शन अडकल्याचंही त्यांनी घाईघाईने सांगून टाकलं. निवडणुकीचा निकाल तुम्हाला माहीत आहेच. पेन्शनचं काम पुढे यथावकाश झालं. तेवढ्यात एकाच्या नातवाने माहिती पुरवली की आता ध्वनिमुद्रणाचीसुद्धा गरज नाही, थोडा नमुना दिला की यंत्र हुबेहूब अध्यक्षांसारखं बोलेल. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या नकली आवाजात फोन गेले होते, आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या दूरसंचार आयोगाने असे आवाज 1991 च्या जुन्या फोन-कायद्याखाली आणले, हेही त्याने सांगितलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "माझा आवाज आहे, तो मी रोज घरी घेऊन जातो. इथे ठेवायचा नाही." त्यांना खोकला आहे आणि तो यंत्रालाही शिकवावा लागेल, हा व्यवहारी मुद्दा मग मांडायची वेळ आली नाही.

कायदा काय म्हणतो ते बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एके काळी वकिलाच्या ऑफिसात टंकलेखन केलेलं आहे. आमच्या संघात एवढी पात्रता पुरते. वाचताना पहिला आनंद वेगळाच झाला. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने निकाल दिला. त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, आणि 2012 मध्ये त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा त्यांचं वय होतं 86. आमच्या संघात त्या वयाच्या सभासदाला सहलीला न्यावं की नाही यावर चर्चा होते. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी पाठ ताठ केली.

पुढे 2023 मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे दीड वर्ष ठेवलेलं आहे. सरकारी कायदा म्हणून मी भीतभीतच उघडला, तर आत उदाहरणं निघाली, आणि तीही आमच्या रोजच्या जगण्यातली. एक बाई औषधाच्या दुकानात खरेदी करते, पावती मोबाइलवर पाठवा म्हणून आपणहून नंबर देते. दुकानदाराने तो पावती पाठवायला वापरावा. बस. दुसऱ्या उदाहरणात डॉक्टरी सल्ल्याचं ॲप तिच्या फोनमधली सगळी नाववही मागतं आणि ती "हो" म्हणते. तरीही कायदा म्हणतो की सल्ल्याला नाववहीची गरज नाही, तेव्हा तिचा होकार सल्ल्यापुरताच धरायचा. मला तर कोजागरीचं दूधच दिसायला लागलं त्यात. मुख्याध्यापिकाबाई जे बोलल्या होत्या तेच संसदेने बराच वेळ घेऊन लिहिलेलं होतं. होकार मोकळेपणाने दिलेला हवा, कशासाठी ते नेमकं सांगून घेतलेला हवा, स्पष्ट कृतीने दिलेला हवा आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. "हरकत न आल्यास" हे तिथे चालत नाही. विचारणा इंग्रजीत नको असेल तर मराठीत मिळायला हवी. आणि या कायद्यात माणसासाठी सगळीकडे "ती" वापरलंय, "तो" नाही. आमच्या पुरुष सभासदांनी हे दोनदा वाचून बघितलं.

"पण आपण काय कंपनी आहोत का?" सहचिटणीसांनी विचारलं. सूट आहे ती खासगी आणि घरगुती कामापुरती. घरगुती म्हणजे माझ्या फ्रिजवर चिकटवलेली भाचे-पुतण्यांची यादी. चारशे नावांची, वय-रक्तगटासकट, परगावच्या कुठल्याशा कंपनीकडे पाठवलेली एक्सेल घरगुती म्हणायची तर घर फारच मोठं धरावं लागेल. 1909 ची नोंदवही आम्हाला विशेष उपयोगाची नव्हती. ती व्यापारी संदेशांसाठी आहे, आणि मसाला दुधात व्यापार नाही. उलट दर वर्षी तोटा आहे. श्रवणयंत्रवाल्यांची तक्रार मात्र तिथे करता येते, ती दोघा-तिघांनी केली.

हे सगळं हसतखेळत चाललं असतं. पण यादी दुरुस्त करायला घेतली आणि सगळ्यांचे आवाज खाली आले. यंत्र सभेचे निरोप देत होतं तसंच वाढदिवसाच्या शुभेच्छाही देत होतं, जन्मतारखेच्या रकान्यावरून, आपोआप. त्या यादीत गेलेली माणसंही होती. एका वहिनींच्या घरी त्यांच्या यजमानांच्या नावाने शुभेच्छांचा फोन गेला होता. ते जाऊन सात महिने झाले होते. वहिनींनी तो पूर्ण ऐकला. तक्त्यात तसं दिसत होतं: एकोणतीस सेकंद. बाईंच्या वहीत यजमानांचं जाणं त्याच दिवशी लिहिलेलं होतं, तारीख, वेळ, मुलगा कधी पोचला ते सगळं. वहीतून एक्सेलमध्ये ते न्यायचं कुणाचं काम आहे हे ठरलेलं नव्हतं.

आणखी एकाचा नंबर घरच्यांनी बंद केला होता. बंद झालेला नंबर 90 दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर नव्या गिऱ्हाइकाला मिळतो. तो आता परभणीकडच्या कुणा मुलाकडे होता. त्याला आमच्या संघाचे सगळे निरोप नियमित जात होते. पोराने एकदाही फोन कापलेला नव्हता. गुडघेदुखीच्या व्याख्यानाला येणार म्हणून त्याने एक दाबलेला होता. बाईंनी स्वतः त्याला फोन करून सांगितलं की तुझं नाव यादीतून काढतोय. तो म्हणाला, "काढा काकू, पण तुमचा कार्यक्रम कसा झाला?" बाई त्याच्याशी पाऊण तास बोलल्या.

कायद्यात यावरही एक कलम निघालं. आपण गेल्यानंतर आपल्या माहितीबाबतचे हक्क कुणी बजावायचे, त्याचं नाव आधीच नोंदवता येतं. बँकेच्या नॉमिनीसारखं. सभेत हे वाचून दाखवल्यावर पैशांच्या नॉमिनीच्या वेळी विचारतात तसे प्रश्न कुणी विचारले नाहीत. एका काकांनी फक्त म्हटलं, "म्हणजे माझ्या नावाने फोन येणं थांबवायचं, एवढंच ना? ते सुनेला सांगतो, ती स्पष्ट बोलते."

शेवटी नवा फॉर्म करायचं ठरलं. मजकूर बाईंचा, रकाने सहचिटणीसांचे. सभेच्या सूचना यंत्राच्या फोनवर चालतील का. वाढदिवसाच्या शुभेच्छा चालतील का. नंबर दुसऱ्या सभासदाला द्यायचा का. बाहेरच्या कुणाला द्यायचा का. किती वेळ ऐकलं याची नोंद ठेवायची का. प्रत्येकापुढे होय आणि नाही, आणि आधीपासून खूण कशावरच केलेली नाही. शेवटी फोन केव्हा करावा ते लिहायला जागा. यावर सहचिटणीस थोडे नाराज होते, खुणा करून ठेवल्या असत्या तर सगळ्यांचा वेळ वाचला असता असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनीच कंपनीला सांगून सेकंदांचा रकाना बंद करवला, हेही लिहायला हवं.

फॉर्म भरून येऊ लागले. बाहेरच्यांना नंबर देण्यापुढे सरसकट नाही. सभेच्या सूचनेला बहुतेकांचं होय. शुभेच्छांपुढे एकाने "मुलाने केला नाही तर" असं लिहिलं होतं. कुणी "फक्त वाईट बातमी असल्यास", तर त्याच्याच खालच्या घरातल्याने "वाईट बातमी सोडून काहीही". वेळेच्या जागी एका जोडप्याने मिळून एकच फॉर्म भरला होता आणि त्यात दोन वेगवेगळ्या वेळा लिहून दोन्ही खोडल्या होत्या. पुण्याहून मुलाकडे राहायला आलेल्या एका आजोबांनी वेळ लिहिली नव्हतीच. "वेळ विचारण्यासाठी आधी फोन करावा" असं लिहिलं होतं.

एका फॉर्मवर मात्र सगळ्यांपुढे होय होतं. सूचना होय, शुभेच्छा होय, नोंद ठेवा होय, श्रवणयंत्रवाल्यांनाही होय. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचा. समजून भरलाय की नुसत्या खुणा केल्यात, हे बघायला सहचिटणीस स्वतः गेले; बँकेची सवय, सही पडताळल्याशिवाय पुढे जायचं नाही. आजींनी फॉर्म नीट वाचलेला होता. म्हणाल्या, "यंत्राचा का होईना, वाजू दे. पण हे बघा, इथे 'केव्हा' विचारलंय, 'किती वेळा' विचारलेलं नाही. रोज हवा असेल तर कुठे लिहायचं?"

तसा रकाना नव्हता. सहचिटणीसांनी खिशातलं पेन काढून तिथल्या तिथे आखला, आणि आता त्यात नाव कुणाचं घालायचं, यंत्राचं की बाईंचं, हे विचारायला ते बाईंकडे गेले आहेत.